पाच पुसलेले प्लग

सहापैकी पाच प्लग चकचकीत होते. चार पावलांवरूनच ते सुलेखाला दिसलं आणि हातातलं भिंग तिनं डोळ्याला लावलंच नाही. लाकडाच्या पट्टीत ओळीनं सहा भोकं होती, भोकांखाली तिच्या अक्षरात एक ते सहा आकडे होते, आणि पहिल्या पाच भोकांत खोक्यातून आत्ताच काढल्यासारखे पाच स्पार्क प्लग उभे होते. सहावा पुंजारामच्या हातात होता. तो गाडीच्या सावलीत उकिडवा बसला होता, अंगठ्याखाली पॉलिश पेपरचा चतकोर तुकडा दुमडलेला, आणि चेहऱ्यावर काम झटपट उरकत आल्याचं समाधान.

"थांबा मामा," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं; कोणीतरी वळून पाहिलं असतं.

"एकच ऱ्हायलाय ताई."

"राहू द्या. तसाच द्या इकडं."

त्यानं दिला. ती भिंग आणायला टेम्पोपर्यंत गेली होती, तेवढ्यात वडिलांचा फोन आला होता, ऊन फार आहे, डोक्याला काही बांधलंस का. तीन मिनिटं गेली होती. तीन मिनिटांत पाच प्लग. पुंजारामचा हात वेगवान होता, पंचवीस वर्षं त्यानं टू-स्ट्रोक रिक्षा दुरुस्त केल्या होत्या आणि प्लग काढला की घासायचा, फुंकायचा, परत बसवायचा, हे त्याच्या बोटांना डोक्याला न विचारता येत होतं.

"हे पाच कसे होते?" तिनं विचारलं. "काळे होते? पांढरे?"

"जसे असत्यात तसेच."

"म्हणजे कसे?"

पुंजारामनं थोडा विचार केला. "प्लगावानी."

"रुपेरी ठिपके होते का कशावर? बारीक?"

"ते तुमी भिंगातून बघता ताई. आमच्या डोळ्याला कुठं दिसतंय त्ये. डाग व्हते, म्हनलं तुमचे हात कशाला खराब करायचे." मग तिच्या चेहऱ्याकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "काय चुकलं का?"

तिनं सहावा प्लग मुठीत धरला. करमाडच्या पुढं, कारखान्यांसाठी आखून ठेवलेल्या पण अजून एकही कारखाना न उगवलेल्या माळावर दोन किलोमीटरचा सरळ चौपदरी रस्ता होता. तिथं आज परवानगी काढून मोटारींची शर्यत भरली होती: चारशे मीटर, एका वेळी दोन गाड्या, दुपारी निवडीची एकच फेरी. शिवराजच्या गाडीत सहा सिलिंडरचं जुनं जपानी इंजिन होतं आणि त्यावर पट्ट्यानं फिरणारा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या नरड्यात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंप. दोन आठवड्यांपूर्वी हे इंजिन अडखळायला लागलं होतं. चिकलठाण्याच्या गॅरेजात तिनं पहिल्यांदा प्लग काढायला लावले तेव्हा सहाही काळेभोर निघाले होते. तिनं बोट फिरवून पाहिलं होतं. काजळी कोरडी होती, मखमलीसारखी बोटाला लागत होती. ओली आणि तुकतुकीत असती तर इंजिन तेल पितंय असा अर्थ झाला असता. कोरडी म्हणजे पेट्रोल जास्त. मग लॅपटॉपवरून पेट्रोल थोडं थोडं कमी करत ती गेली आणि इंजिन साफ वाजायला लागलं. पण याच वाटेनं आणखी पुढं गेलं की उलटं दुखणं सुरू होतं. ज्वाला जास्त तापते, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळायला लागतं आणि त्याचे मिठाहून बारीक ठिपके प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर येऊन चिकटतात. ठिपके ही पहिली सूचना. दुसरी सूचना म्हणजे पिस्टनला भोक, मागच्या चाकांखाली सांडलेलं तेल आणि ताशी दोनशेच्या वेगानं आडवी झालेली गाडी. म्हणून आज सकाळी शिवराजनं पूर्ण जोरात एक सरावफेरी मारली होती आणि रेघ ओलांडताच इंजिन बंद करून, गाडी दोरानं ओढत परत आणली होती. सावकाश चालवत आणली असती तर परतीच्या वाटेवरच प्लगांवर नवी काजळी बसून सगळी खूण पुसली गेली असती. इतकी काळजी घेतली होती. प्लग चांगले निघाले तर दुपारच्या फेरीला सुपरचार्जरवर लहान पुली बसवायची, म्हणजे पंप आणखी वेगानं फिरणार आणि आणखी हवा कोंबणार, असं ठरलं होतं. चांगले की वाईट, हे सुलेखानं सांगायचं होतं.

सहावा प्लग तिनं भिंगाखाली धरला. चिनी माती फिक्या चहाच्या रंगाची होती. ठिपके नव्हते. तिनं तो तीनदा फिरवला. पाहायला तेवढं एकच होतं, म्हणून ती पाहतच राहिली.

"काय म्हणते पत्रिका?" शिवराज मागून आला. तो गंगापूरकडचा, उसाच्या घरातला. कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढं होता आणि तिच्या नोंदवहीला पत्रिका म्हणायचा. ड्रायव्हरचा जाड अंगरखा त्यानं कमरेपर्यंत सोडून बाह्यांची गाठ मारली होती. "मंगळ आहे का कुणाला?"

"लिहितेय अजून."

"लिही. पण अर्ध्या तासात सांग, पुली बदलायला वेळ लागतो." मग त्याची नजर पुंजारामकडं गेली. "मामा, आज कशाला पेट्रोलनं आंघोळ नाही ना घातली? मागच्या महिन्यात एअर फिल्टर धुतलात. आता असं आणखी एक जरी झालं तर काम सुटलं, मग तुम्ही अन् तुमचं करमाड. इथून तर चालतच जाता येईल."

तो हसला. पुंजारामही हसला, आणि पॉलिश पेपरचा तुकडा त्यानं शर्टाच्या खिशात इतक्या सावकाश सरकवला की सुलेखालाच तो आवाज ऐकू आल्यासारखं झालं. शिवराज पट्टीपासून हातभर अंतरावर उभा होता. खाली पाहिलं असतं तर त्यालाही कळलं असतं. पण प्लग पाहणं हे सुलेखाचं काम होतं, आणि ज्याचं काम त्यानं करायचं या बाबतीत तो फार काटेकोर होता. तो गेला.

ती घडीच्या खुर्चीवर बसली. वही उघडली. तिला पुंजारामचा राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता, हे तिनं एखाद्या तापमापकाकडं पाहावं तसं पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं दुसरेच हात होते. अप्पाराव, तिचे वडील, विद्यापीठात रसायनशास्त्र विभागात शिपाई होते आणि काचेची भांडी धुणं हे त्यांचं काम होतं. ते ती अशी धुवायचे की भावसिंगपुऱ्यातल्या घरी येऊन आईच्या पितळी तांब्यालाही नावं ठेवायचे. सुलेखा दहा वर्षांची असताना त्यांनी एक चंबू धुतला होता. तळाशी पांढरं काहीतरी चिकटलं होतं, क्षार बसला असेल म्हणून त्यांनी तो ब्रशनं घासून काढला. ते एका संशोधक मुलाचे तीन आठवडे जपलेले स्फटिक होते. विभागप्रमुख त्यांना व्हरांड्यात सगळ्यांसमोर टाकून बोलले. अप्पारावांनी तो प्रसंग घरी जेवताना रंगवून सांगितला, साहेबांची मान कशी हलत होती, चष्मा कसा घसरत होता. आई हसली, सुलेखाही पोट धरून हसली. पण सांगताना ते सारखे पंच्याला हात पुसत होते आणि हात कोरडे होते. पुढं तिनं त्याच विभागात एम.एस्सी. केलं तेव्हा ती प्रत्येक भांड्यावर चिकटपट्टी लावायची, धुऊ नये. वडील तेव्हा निवृत्त झाले होते, आणि ती चिकटपट्टी कुणासाठी आहे हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. या पट्टीवर मात्र तिनं काहीच लावलं नव्हतं. दोन आठवड्यांत प्लग कसे वाचतात हे तिनं शिवराजला तीनदा समजावलं होतं, चित्र काढून. पुंजाराम तेव्हा दोन हातांच्या अंतरावर पाने पुसत बसलेला असायचा. त्याला सांगावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

सहावा सिलिंडर थंड पाण्याच्या वाटेवर शेवटचा, म्हणून सगळ्यांत जास्त तापणारा. तोच चांगला असेल तर बाकीचे चांगलेच असणार. हा विचार तिला आला तेव्हा तो विचार आहे की सोय आहे, हे तिनं तपासलं. तर्क वाईट नव्हता. त्यावरचं उत्तरही तिला माहीत होतं: सुपरचार्जर हवा ओततो ती मधोमध, तेव्हा तिसऱ्याला किंवा चौथ्याला पेट्रोल अपुरं पडू शकतं आणि सहाव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही वाक्यं तिला शेजारी शेजारी दिसत होती. मग पेन चाललं. एक: फिका तपकिरी, ठिपके नाहीत. दोन: फिका तपकिरी, ठिपके नाहीत. तिसऱ्याशी ती थांबली. न पाहता लिहिलेली नोंद पकडली जाते ती तिच्या सारखेपणामुळं, हे तिला ठाऊक होतं. दीपमाला मॅडमनी शिकवलं होतं. वाळूजच्या एका औषध कंपनीत सुलेखा सात महिने तपासणी विभागात होती आणि मॅडम तिच्या वरिष्ठ होत्या, मायाळू, डब्यातलं अर्धं वाढून देणाऱ्या. एका दुपारी ओलावा मोजायचं यंत्र बंद होतं आणि माल निघायचा होता. "कालचंच आहे गं सगळं," मॅडम म्हणाल्या होत्या, "तू फक्त शेवटचा आकडा थोडा हलव, अगदी तेच नको दिसायला." सुलेखानं हलवला होता. काही झालं नाही. कुणाला काही झालं नाही, कुणी विचारलं नाही, आणि चार महिन्यांनी तिनं नोकरी सोडली तेव्हा अ‍ॅसिडच्या वाफांचा त्रास होतो असं घरी सांगितलं, आणि सांगता सांगता तिला खरंच खोकला यायला लागला होता. तीन: किंचित गडद, ठिपके नाहीत. चार, पाच. सहाव्याची नोंद तिनं सगळ्यांत शेवटी केली आणि आश्चर्य म्हणजे तीच तिला खोटी वाटली, कारण तीही पहिल्या दोन ओळींसारखीच दिसत होती.

शिवराजनं वही पाहिली, मान डोलावली आणि पुली बदलायला सांगितली. पुंजारामनं प्लग परत बसवले आणि पुली बदलली, अगदी नीट. पट्टा बोटानं दाबून, कान लावून, पुन्हा दाबून. मग तिच्याजवळ येऊन त्यानं स्वच्छ फडकं पुढं केलं.

"तुमी बोलल्या नाय, लई बरं झालं ताई."

"हं."

"घासल्यानं काय बिघडत नसतंय तसं. उलट ठिणगी चांगली पडती."

तिला ते फडकं घ्यावंसं वाटेना आणि न घेण्याचं कारणही सापडेना. तिनं घेतलं. लॅपटॉप गाडीला जोडून ती नव्या पुलीसाठी पेट्रोलचे आकडे भरत होती. हवा वाढणार म्हणून सगळीकडं सहा टक्के वाढव, सहाव्याला थोडं जास्त, तिसऱ्यातून दोन टक्के काढ. ऊन रस्त्यावर पाण्यासारखं हलत होतं. गाड्या एकामागून एक सुटत होत्या आणि रबराचा जळका वास माळावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांपर्यंत जाऊन तिथंच अडकत होता. काम हाताखाली असलं की तिला बरं वाटायचं. आकडे एकमेकांना धरून असतात. शिवराजनं हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले आणि गाडी रांगेत नेली. पुढं चार जोड्या होत्या.

ती लॅपटॉप मिटत होती तेव्हा तिला ते दिसलं. आकडा समोरच होता, कधीपासून. तिसरा: उणे दोन. तिसऱ्यातून पेट्रोल का काढलं? कारण तिसरा किंचित गडद होता, म्हणजे त्याला पेट्रोल जरा जास्त मिळत होतं. आणि तो गडद का होता? तो गडद नव्हता. तो कसा होता हे कोणालाच माहीत नव्हतं. तो तिनं गडद केला होता, ओळी सारख्या दिसू नयेत म्हणून. आणि मग अर्ध्या तासानं, पूर्ण प्रामाणिकपणे, कुणालाही फसवायचा हेतू नसताना, तिनं त्या शब्दावर विश्वास ठेवून मधल्या सिलिंडरचं पेट्रोल कमी केलं होतं, नेमकं जिथं हवा सगळ्यांत जास्त पडण्याची शक्यता होती तिथंच. वाळूजला तिचा आकडा कागदावरून पुढं निघून गेला होता, कुठल्यातरी खोक्यात, कुठल्यातरी शहरात. इथं तो परत तिच्याकडंच आला होता आणि तिनं त्याला ओळखलंही नव्हतं. तिला भीती वाटली ती गाडीची नव्हती, निदान पहिले काही क्षण तरी. आपल्या डोक्यात पाहिलेलं आणि लिहिलेलं यांच्यामध्ये भिंत आहे असं ती धरून चालली होती, आणि तिथं नुसती चिकटपट्टी होती.

ती लॅपटॉप घेऊन रांगेकडं निघाली. धावली नाही. पुढं दोन जोड्या उरल्या होत्या. तिनं काचेवर टकटक केली आणि किल्ली फिरवल्याची खूण केली. शिवराजनं इंजिन बंद केलं, हेल्मेटची काच वर केली.

"काय झालं?"

"एक आकडा बदलायचाय." तिनं वायर जोडली. तिसरा: उणे दोन, शून्य, अधिक दोन. वीस सेकंद लागले. आता वायर काढून बाजूला व्हायचं एवढंच उरलं होतं. तिसरा आता इतरांइतकाच सुरक्षित होता, इतर जितके असतील तितका. शिवराज हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता आणि कोणता आकडा, हे त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं असतं तर कदाचित तिनं काहीतरी तांत्रिक सांगितलं असतं.

"सकाळचे पाच प्लग मी पाहिलेलेच नाहीत," ती म्हणाली. "फक्त सहावा पाहिला. बाकीचे पाहायच्या आधी पुसले गेले. वहीतलं मी मनानं लिहिलंय."

शिवराज तिच्याकडं पाहत राहिला. हेल्मेटमधून त्याचे डोळेच तेवढे दिसत होते, त्यामुळं त्यात काय आहे हे वाचता येईना. "पुसले गेले म्हणजे? वाऱ्यानं पुसले?"

"म्यां पुसले दादा." पुंजाराम केव्हा मागून आला होता ते तिला कळलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर ओढायचा दोर होता. "ताईंनी थांबवलं, तवा पाच झाले व्हते."

"तुमचं बघू," शिवराज म्हणाला, त्याच्याकडं न पाहता. "तुमच्याकडून ते होणारच होतं. पण तू लिहिलंस. मी त्या वहीवर बसलोय इथं, सीटवर नाही."

"हो."

"आता प्लग काढून बघितले तर?"

"काही कळणार नाही. रांगेत इंजिन नुसतं गुरगुरत होतं, सगळे काळे निघतील. पूर्ण जोरात पळवून बंद केल्याशिवाय ते काही सांगत नाहीत."

पुढची जोडी सुटली. माणूस झेंडा हलवून गाडी पुढं घ्यायला सांगत होता. शिवराजनं समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. वर्षभर तो या एका फेरीबद्दल बोलत होता, जेवताना, कुणाच्या लग्नात, तिच्या घरी येऊन अप्पारावांशीसुद्धा. "फिरेल का हे इंजिन चारशे मीटर? तुला काय वाटतं?"

तिला काहीतरी वाटत होतं. बहुधा फिरेल, असं वाटत होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि सकाळपासूनची ती तिची पहिली नोंद होती जिच्याखाली तिनं सही केली असती.

"बरं," शिवराज म्हणाला. "निम्म्यात बंद करतो. दोनशेच्या खुणेला. तेवढ्यात काही पेटायला लागलं तरी पुरं जळणार नाही. मामा, जीप घेऊन या मागनं." त्यानं काच खाली ओढली.

दिवे लागले. गाडी सुटली ती आवाजानं आधी आणि नंतर डोळ्यांना. सुपरचार्जरची शिट्टी इतकी चढत गेली की सुलेखाचे दात शिवशिवले. शेजारची गाडी दोन हात मागं पडली होती. लोक ओरडायला लागले. आणि मग, दोनशेच्या खांबापाशी, आवाज कात्रीनं कापल्यासारखा थांबला. गाडी मात्र चाललीच होती, मुकाट, उतारावरच्या बैलगाडीसारखी, आणि दुसरी गाडी तिच्या शेजारून पुढं गेली. "गया भाई, इंजन गया," लाऊडस्पीकरवरचा माणूस हळहळला. कोणीतरी शिट्टी मारली. एवढ्या गर्दीत ती शांतता काय आहे हे दोघांनाच माहीत होतं, आणि तिसरा तिच्यात बसला होता.

जीपमध्ये बसताना पुंजारामनं दोर मागच्या सीटवर टाकला. मग म्हणाला, "ताई, ते ठिपके दिसत्यात कशे?"

"तव्यावर मीठ उडावं तसे. पण राखाडी, चमकणारे. ते दिसले म्हणजे आतलं अ‍ॅल्युमिनियम वितळतंय."

"हां." जीप खड्ड्यातून गेली. "मंग हे आधी सांगायचं का नाय? दोन हप्ते त्या शिवराजदादाला चित्रं काढून दावीत बसल्या. प्लग काय शिवराजदादा काढतोय?"

सुलेखानं त्यानं दिलेलं फडकं काढून भिंग पुसायला घेतलं.

गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी होती. शिवराज हेल्मेट बॉनेटवर ठेवून बाजूला झाला होता. त्याचे केस घामानं चिकटले होते. त्यानं दोघांकडं पाहिलं, हेल्मेट उचललं आणि बॉनेट उघडलं. सुलेखानं हातमोजे चढवले. इंजिनावरची हवा थरथरत होती. पुंजारामनं वायरी सोडवून दिल्या, लाकडी पट्टी तिच्या हाताशी ठेवली आणि मग मागं सरून, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवून उभा राहिला, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुलं राहतात तसा. तिनं पहिल्या प्लगावर पाना बसवला. आटे कुरकुरले. प्लग बाहेर आला, गरम, जळक्या धातूच्या वासाचा. तिनं तो उन्हात धरला, भिंग लावलं, आणि एका बाजूनं सुरुवात करून हळूहळू फिरवत पुन्हा त्याच बाजूला आली. रंग चहाचा, जरा जास्त दुधाचा. कडेला कुठं काही चमकतंय का म्हणून तिनं तो पुन्हा फिरवला. मग पट्टीच्या पहिल्या भोकात उभा केला.

"काय?" शिवराजनं विचारलं.

"पहिला चांगला आहे."

शिवराजनं श्वास सोडला. केवढा मोठा होता तो, हे त्यालाही आत्ताच कळलं असावं. "म्हणजे झालं की. इंजिन ठीक आहे."

"ते माहीत नाही," दुसऱ्यावर पाना बसवत सुलेखा म्हणाली. "अजून एकच पाहिलाय."